टॉर्च, अक्रोपोरा आणि पाच बदल: प्रवाळं खरंच सुधारतायत की मलाच तसं वाटतंय?

खारंपाणी (एडिसन, न्यू जर्सी)

नमस्कार मंडळी. इथे गोड्या पाण्याचेच धागे जास्त असतात, पण खाऱ्या पाण्यातले चारपाच जण नक्की आहेत, म्हणून विचारतो.

माझा टँक ७५ गॅलनचा, म्हणजे २८४ लिटरचा. दगड आणि वाळू वजा करून, खालचा संप (गाळणीची टाकी) धरून प्रत्यक्ष पाणी २५० लिटरच्या आसपास. सुरू करून अडीच वर्षं झाली. प्रवाळांत दोन अक्रोपोरा, माँटिपोराचे तीन फ्रॅग (तोडून लावलेले छोटे तुकडे), एक टॉर्च, एक हॅमर (हे दोन्ही लांब धाग्यांचे, मांसल) आणि थोडे झोअँथिड आहेत.

सप्टेंबरअखेरीस सगळंच बिघडल्यासारखं दिसायला लागलं. अक्रोपोरा फिके पडले, एकाची टोकं जळल्यासारखी पांढरी झाली. टॉर्च दुपारपर्यंत मिटलेला. नायट्रेट शून्य, फॉस्फेट शून्य, अल्कलिनिटी (पाण्यातलं कार्बोनेटचं प्रमाण) ११ डीकेएच, म्हणजे तिच्या एककात ११. पाणी इतकं स्वच्छ आहे याचं तोवर मला समाधान वाटायचं.

मग पाच आठवड्यांत मी हे केलं: लाइट ८० टक्क्यांवरून ६० वर आणला. अल्कलिनिटी हळूहळू ८.५ वर उतरवली. सोडियम नायट्रेट थेंबाथेंबाने सुरू केलं, आता नायट्रेट ५ पीपीएम आहे (मासे जास्त खाऊ लागल्यामुळे फॉस्फेटही ०.०५ दिसतंय). एक पॉवरहेड (पाण्याचा झोत सोडणारा पंप) डाव्या काचेवरून उजवीकडे हलवला. आणि दुकानदाराच्या सांगण्यावरून अमिनो ॲसिडचं एक पूरक चालू केलं.

आता अक्रोपोरा गडद दिसतात, टॉर्चचे धागे लांब बाहेर येतात. मला वाटतं सुधारणा आहे. बायको म्हणते, "मला तर तेव्हाही असाच दिसत होता." रोज बघणाऱ्या दोन माणसांचं एकमत होत नसेल, तर हे ठरवायचं कसं?

भरतीओहोटी (सिंगापूर)

शून्य नायट्रेट, शून्य फॉस्फेट आणि वर ११ डीकेएच, यात अक्रोपोराची टोकं जळतातच. मी स्वतः दोन फ्रॅग असेच घालवलेत. शिवाय दोन्ही शून्य झालं की डायनोफ्लॅजेलेट्सची तपकिरी बुडबुड्यांची चिकट जाळी दगडांवर चढते, त्यातून तुम्ही वाचलात. अल्कलिनिटी उतरवली ते उत्तम. पॉलिप (प्रवाळाचे धागेवाले छोटे जीव) बाहेर येतायत म्हणजे सुधारतंय, निश्चिंत राहा. फक्त पाच गोष्टी एकदम केल्यात, त्यातलं कशाने झालं ते कळणं अवघड.

प्रयोगवही (टाउन्सव्हिल)

भरतीओहोटी, पॉलिप बाहेर येणं हा पुरावा मी फार वर धरणार नाही. भुकेला प्रवाळही पॉलिप ताणतो. प्रवाह बदलला की ताणतो, कमी उजेडात ताणतो, पाण्यात खाण्याचा वास आला की ताणतो. उलट एखादा मासा कुरतडत असेल तर ठणठणीत प्रवाळही दिवसभर मिटलेला असतो. त्या क्षणी त्याला काय जाणवतंय एवढंच त्यातून कळतं. महिन्याभराची तब्येत कळत नाही.

खारंपाणी, मी प्रवाळांवरच काम करते, त्यामुळे थोडं लांबण लावते.

तुमच्या प्रश्नातली मोठी अडचण पाच बदलांच्याही आधीची आहे. आपण टँकला हात कधी लावतो? सगळं सर्वांत वाईट दिसतं तेव्हा. प्रवाळांचं दिसणं दर आठवड्याला वरखाली होतच असतं. तळाला पोचलेली गोष्ट काहीही न करता बऱ्याचदा थोडी वर येते. त्याच वेळी आपण बाटली ओतलेली असते आणि श्रेय बाटलीला जातं. पूरकांचा बाजार बराचसा यावर चालतो असं माझं प्रामाणिक मत आहे. म्हणून "आधी वाईट होतं, आता बरं आहे" एवढ्यावर काही ठरत नाही. बदलाच्या आधीचे तीनचार आठवडे कसे गेले याची नोंद हवी, आणि ज्याला तो बदल लागू झाला नाही असं एखादं प्रवाळ शेजारी हवं.

दुसरं, रंग. अक्रोपोरा "गडद" झालाय म्हणता. प्रवाळाच्या पेशींत झूझँथेली नावाचं सूक्ष्म शैवाल राहतं. उजेड कमी केला आणि नायट्रेट दिलं की त्याची संख्या वाढते आणि प्रवाळ तपकिरीकडे झुकतं. फिकं पडलेलं प्रवाळ सावरतानाही हेच होतं. म्हणजे तपकिरी छटा हे बरं होण्याचं लक्षण असू शकतं, किंवा नुसतं शैवाल जास्त झाल्याचं. फरक वाढीत दिसतो. भिंगातून बघा: फांदीच्या टोकाला फिकट, पण जिवंत कातडीने झाकलेला कोंब आहे का? बुंध्याशी, जिथे फ्रॅग प्लगला (बुडाच्या चकतीला) चिकटवलाय तिथे, पातळ नवी किनार पसरतेय का? जळलेलं टोक आणि वाढतं टोक दोन्ही पांढुरकीच दिसतात. जळलेल्यावर कातडी नसते, चारआठ दिवसांत त्यावर हिरवट लव येते.

तिसरं, वेळ. प्रवाहातला बदल टॉर्चला काही तासांत जाणवतो. उजेडाशी जुळवून घ्यायला दोन ते चार आठवडे जातात. सांगाडा वाढलाय हे डोळ्याला दिसायला सहाआठ आठवडे लागतात. पाच आठवड्यांत पाच बदल म्हणजे एकाचा परिणाम दिसायच्या आत दुसरा झालेला.

तुमच्याकडे नोंदी काय आहेत?

खारंपाणी

ताई, इतकं सविस्तर लिहिलंत, मनापासून आभार. नोंदी फक्त टेस्ट किटच्या. फोटो आहेत पण सगळे रात्रीच्या निळ्या लाइटमधले, त्यात सगळंच चमकतं. क्लबकडून एक दिवसासाठी पार मीटर (प्रवाळांना उपयोगी उजेड मोजणारा) आणला होता, अक्रोपोराच्या जागी ८० टक्क्यांना ३८० आणि ६० टक्क्यांना २७० आलं होतं.

प्रयोगवही

पारचे आकडे आहेत हे फार चांगलं. निळ्या लाइटमधले फोटो बाजूला ठेवा. त्या उजेडात प्रवाळांमधली प्रथिनं स्वतः चमकतात, आणि फोन प्रत्येक वेळी रंग आपल्या मनाने लावतो.

दर रविवारी, दिवे लागल्यावर तीन तासांनी, फक्त पांढरा चॅनल दहा मिनिटं लावा. पंप बंद. फोन एकाच जागी टेकवा, एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स लॉक करा. चौकटीत एक प्लास्टिकची पट्टी आणि एक राखाडी कार्ड ठेवा. एक फोटो वरून, एक बाजूने. दहा मिनिटांचं काम आहे.

जुनाटँक (डोंबिवली)

मी १९९८ पासून समुद्री मासे पाळतोय, प्रवाळं नाहीत, त्यामुळे अधिकाराने बोलत नाही. पण तुम्ही सगळं आकड्यांत घालताय. रोज संध्याकाळी अर्धा तास टँकसमोर खुर्ची टाकून बसा. कोण कुठल्या कोपऱ्यात जातंय, कोण खाण्याला उशिरा येतंय हे किट सांगत नाही. माझा एंजल आजारी पडायच्या दोन दिवस आधी मला कळतं, आणि ते बसल्यामुळेच कळतं.

प्रयोगवही

काका, अगदी मान्य. काहीतरी चुकतंय हे डोळ्यालाच आधी कळतं. किट नंतर. माझा आक्षेप डोळ्यावर नाही, आठवणीवर आहे. आज कसं दिसतंय हे डोळा बरोबर सांगतो. पाच आठवड्यांपूर्वी कसं दिसत होतं ते आठवणीतून येतं, आणि मधे आपण पैसे आणि मेहनत घातलेली असते.

तारकर्ली_तळ (मालवण)

धागा वाचून राहवलं नाही. आमच्याकडे टँकचा प्रश्नच नाही. खडकाळ प्रवाळं वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, तेव्हा भारतातल्या वाचकांनी ती पाळायच्या भानगडीत पडू नये आणि किनाऱ्यावर पडलेला मेलेला तुकडासुद्धा घरी नेऊ नये. पण पाण्याखाली तीच प्रवाळं वर्षानुवर्षं बघण्याचं काम मी करतो. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचा पट्टा १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. पोराइट्स, फेव्हाइट्स, टर्बिनारिया अशी गाळ सोसणारी जात इथे जास्त.

पावसाळ्यात चार महिने पाण्यात उतरता येत नाही. ऑक्टोबरात परत गेलं की पहिला प्रश्न तुमचाच: मे महिन्यापेक्षा बरं आहे का? नुसतं बघून एक सांगतो पांढरं झालंय, दुसरा सांगतो आहे तसंच आहे. म्हणून वसाहतींना खुणा केलेल्या असतात. त्याच वसाहतीचा, त्याच बाजूने, पट्टी धरून फोटो. रंगासाठी क्वीन्सलँड विद्यापीठाच्या कोरलवॉचचा तक्ता असतो, हातात धरून प्रवाळाचा सर्वांत फिका आणि सर्वांत गडद भाग त्याच्याशी जुळवायचा. तो तक्ता टँकवाल्यांनीही वापरावा, पण काचेबाहेरून नाही, पाण्यात बुडवून.

एक गोष्ट जवळून बघून शिकलोय. ब्लीच झालेली, म्हणजे शैवाल गमावून पांढरी पडलेली पोराइट्सची एक वसाहत महिन्याभराने गेलो तर पुन्हा तपकिरी. सोबतचे दोघे खूश. मी तोंड अगदी हातभर अंतरावर नेलं, तर कातडी नव्हतीच. पांढऱ्या सांगाड्यावर शैवालाची लव चढली होती आणि त्यात गाळ अडकला होता. हाताने पाणी हलवलं की गाळ उडायचा. जिवंत प्रवाळावर गाळ असा रुतून बसत नाही, ते चिकट स्राव सोडून तो लोटून देतं. तेव्हा रंग परत आला म्हटलं की आधी पॉलिपची बारीक तोंडं दिसतायत का ते बघा.

थेंबथेंब (ह्यूस्टन)

सांगाडा वाढतोय का हे पाण्याला विचारा. प्रवाळ सांगाडा बांधताना अल्कलिनिटी आणि कॅल्शियम ठरलेल्या प्रमाणात उचलतं, दर २.८ डीकेएचमागे २० पीपीएम कॅल्शियम. तुमच्या टँकमध्ये दिवसाला ०.७ डीकेएच खपत असेल, तर २५० लिटर पाण्यात तो रोजचा ३ ग्रॅमहून थोडा जास्त कॅल्शियम कार्बोनेट झाला. आजारी टँकमध्ये हा खप आधी घसरतो, बऱ्याचदा रंग जायच्या आधीच.

पण एका दिवसाच्या फरकावर जाऊ नका. सिरिंजमध्ये एक बुडबुडा राहिला की किट ०.३ ने चुकतं. त्यापेक्षा डोसिंग पंपाने आठवड्यात अल्कलिनिटीच्या द्रावणाचे किती मिलिलीटर दिले आणि अल्कलिनिटी जागेवर राहिली का ते बघा, चूक सात दिवसांत वाटली जाते. मोजायची वेळ रोज तीच ठेवा.

दोन धोके: काचेवरची गुलाबी कोरलाइन (चुन्याचा थर चढवणारं शैवाल) आणि हीटरवर बसणारं कीटण हेही अल्कलिनिटी खातात. आणि नायट्रेट वापरलं गेलं की अल्कलिनिटी किंचित वाढते, साधारण २२ पीपीएम नायट्रेटमागे १ डीकेएच. तुमच्या मात्रेला ते नगण्य आहे.

हा आकडा सगळ्या टँकचा मिळून असतो. एकटा टॉर्च मरत असला तरी माँटिपोरा ती बेरीज झाकून टाकेल.

तोळामासा (लीड्स)

मग एकेकट्याचं वजन करा. आमचं घर सराफीतलं, त्यामुळे ही पद्धत वाचली तेव्हा मला हसूच आलं, सोन्याचा कस बघायला आजोबा दागिना पाण्यात धरून तोलायचे, तेच हे.

शास्त्रज्ञ प्रवाळ पाण्यात बुडवून तोलतात. कातडीची घनता पाण्याच्या इतकी जवळ असते की पाण्यात तिचं वजन जवळजवळ शून्य, काट्यावर येतो तो फक्त सांगाडा. मी ०.०१ ग्रॅमचा काटा घेतला, ज्याला खालून हूक लावता येतो. तो दोन पेट्यांवर आडव्या फळीत बसवला, मधे भोक. खाली बादलीत टँकचंच पाणी, त्याच तापमानाचं. हूकला मासेमारीची नायलॉनची दोरी, तिच्या टोकाला फ्रॅग. बुडबुडे मऊ ब्रशने झाडायचे, प्लगवरची कोरलाइन आधी घासून काढायची. आकडा स्थिर व्हायला अर्धा मिनिट लागतो. लाटेसारखा हेलकावत येतो आणि मग थांबतो. मला ते बघत बसायला फार आवडतं.

पाण्यातल्या वजनात जी वाढ येईल तिला १.५४ ने गुणलं की हवेतल्या सांगाड्याची वाढ मिळते (प्रवाळाच्या ॲरागोनाइटची घनता २.९३ धरून). प्रत्येक वेळी आधी एक काचेची गोटी तोला. तिचं वजन बदललेलं दिसलं तर पाण्याची क्षारता किंवा तापमान बदललंय, प्रवाळ नाही. आजारी टॉर्चला मात्र हात लावू नका. मांसल प्रवाळ उचलताना सांगाड्याच्या धारेवर फाटतं. माँटिपोराचे फ्रॅग यासाठी उत्तम.

प्रयोगवही

वा, तोळामासा! गोटीची युक्ती मी इथल्या विद्यार्थ्यांनाही हीच सांगते.

खारंपाणी, आणखी एक करा, पैसे लागणार नाहीत. चारपाच आठवड्यांचे फोटो छापा, तारीख मागे लिहा, पत्त्यांसारखे पिसा आणि टँकबद्दल काही माहीत नसलेल्या माणसाला "चांगल्यापासून वाईटापर्यंत लाव" म्हणा. तोवर नवा बदल एकही नको. अमिनो मात्र बंद करून टाका, निदान एक गोष्ट कमी होईल.

खारंपाणी

पाच आठवड्यांनी लिहितोय.

फोनमध्ये जुलैच्या वाढदिवसाच्या व्हिडिओत मागे टँक पांढऱ्या उजेडात सापडला, त्यातून एक चित्र काढलं. नंतरचे पाच रविवारचे. टॉर्चचे सहा, अक्रोपोराचे सहा. आई साताऱ्याहून आली आहे. तिला प्रवाळातलं काही माहीत नाही, पण आयुष्यभर तांदूळ निवडलेत, तिच्या नजरेतून खडा सुटत नाही. जेवणाच्या टेबलावर दिवा ओढून घेतला, चष्मा पुसला आणि बसली.

अक्रोपोरा: जुलै सर्वांत चांगला, मग पाच रविवार नव्याकडून जुन्याकडे, दोन शेजारचे फोटो तेवढे उलटे. म्हणजे बदल खरा आहे आणि दिशा बरोबर आहे. बुंध्याशी नवी किनारही दिसतेय, पट्टीवर जेमतेम २ मिलिमीटर.

टॉर्च: जुलैचा पहिला आणि शेवटचा, म्हणजे या रविवारचा, सर्वांत खाली. मी म्हटलं, "आई, याचे तर धागे सर्वांत लांब आहेत." ती म्हणाली, "धागे असू देत, त्याची मान बघ. प्रत्येक फोटोत जास्त उघडी पडलीय." धाग्यांखाली सांगाड्याचा जो देठ असतो त्याला ती मान म्हणत होती. देठावर कोरलाइनचा एक गुलाबी ठिपका आहे, तिथून कातडीच्या कडेपर्यंत पट्टीने मोजलं. जुलैत ३ मिलिमीटर, आता ८. पाच रविवार मी स्वतः ते फोटो काढले आणि एकदाही तिकडे पाहिलं नाही.

प्रयोगवही

आईंना माझा नमस्कार सांगा. देठावरून कातडी मागे सरकणं हे टॉर्चचं सर्वांत विश्वासाचं लक्षण आहे आणि सर्वांत कमी बघितलं जाणारं.

पॉवरहेड हलवलात ना? धागे लांब दिसतायत ते सगळे एकाच दिशेला ओढल्यासारखे आहेत का? थेट झोतात धागे ताणले जातात, लांब दिसतात, आणि त्या बाजूची कातडी सांगाड्याच्या धारदार पात्यांवर घासत राहते. रात्री लाल बॅटरीने एकदा चपटे कृमीही तपासा, या गटाच्या प्रवाळांना खाणारे असतात. काही नसेल तर फक्त पॉवरहेड जुन्या जागी न्या. लाइट, नायट्रेट, अल्कलिनिटी आहे तिथेच. चार आठवडे.

जुनाटँक (डोंबिवली)

आईंनी बसून बघितलं. माझं म्हणणं तेच होतं! पण पत्ते पिसण्याची युक्ती मला मान्य आहे, माझ्या माशांवर करून बघतो.

खारंपाणी

ताई, धागे खरंच सगळे डावीकडे ओढलेले होते. कृमी नाहीत, दोन रात्री पाहिलं. पॉवरहेड डाव्या काचेवर परत नेला.

चार रविवार झाले. देठावरची कड: ८, ८, ८, आणि काल ७ च्या किंचित पुढे. धागे आधीपेक्षा आखूड दिसतात पण सगळीकडे सारखे, आणि हलतात ते गोल. हॅमर झोताच्या वाटेत नव्हता. त्याची कड या सगळ्या काळात जागची हलली नाही, म्हणून पॉवरहेडवरच संशय ठेवतोय.

अल्कलिनिटीचा खप आठवड्याच्या हिशेबाने दिवसाला ०.७ वरून ०.९ वर गेला. काचेवरची कोरलाइन वाढलेली नाही. माँटिपोराचा एक फ्रॅग पाण्यात ९.६२ ग्रॅम होता, आज ९.८१. गोटी दोन्ही वेळा सारखी. तोळामासांच्या हिशेबाने पाऊण महिन्यात ०.२९ ग्रॅम सांगाडा. अमिनो बंद केल्याचा परिणाम मला कुठेच सापडला नाही, बाटली परत उघडणार नाही.

लाइट ६० वरून ६५ करायचा विचार आहे, पण टॉर्चची कड ५ वर येईपर्यंत थांबतो. आई शनिवारी साताऱ्याला परत जातेय. रविवारचे फोटो व्हॉट्सॲपवर पाठवायचे ठरलंय, आणि तारीख टाकायची नाही, क्रमही मोडून पाठवायचे, हे तिनेच सांगितलंय.